कॉफिया ३० ने उंदराची उडालेली झोप परत येते का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई खानापूर तालुक्यातल्या, बेळगावात होमिओपॅथीत एम.डी. करताहेत. थिसिससाठी त्यांना पांढऱ्या उंदरांना कॅफिन देऊन त्यांची झोप मोडायची आहे आणि कॉफिया क्रूडा हे कच्च्या कॉफीपासूनचं होमिओपॅथिक औषध ३० आणि २०० पोटेन्सीत (किती वेळा पातळ केलं त्याचा आकडा) दिल्यावर ती सुधारते का, ते बघायचं आहे. गाइड म्हणतात, सहा-सहाचे पाच गट करा, पेंटोबार्बिटोन हे भुलीचं औषध टोचा, किती मिनिटं झोपले ते घड्याळावर मोजा, झालं काम. ताईंना हे पटत नाही, पण नक्की कुठे खटकतंय ते सापडत नाही. शिवाय त्या विचारतात, घरच्या कुत्र्यावर आधी थोडं करून बघितलं तर चालेल का?

मी फार्माकॉलॉजी शिकवतो, ॲनिमल हाउसमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, होमिओपॅथ नाही. ३० पोटेन्सीच्या बाटलीत औषध म्हणून काही शिल्लक असतं असं मला वाटत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल तुम्हाला ठाऊक असेल. पण प्रयोग करू नका असं मी म्हणणार नाही. करा, फक्त असा करा की उत्तर 'हो' आलं तर माझ्यासारख्याला गप्प बसावं लागेल, आणि 'नाही' आलं तर तुमच्या गाइडना पळवाट राहणार नाही. गाइडनी सुचवलेल्या पद्धतीत या दोन्हींतलं काहीच होत नाही.

कुत्र्याचा विषय आधी संपवतो. अजिबात नको. कुत्र्याला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन गेलं की उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. आणि कायद्याने बघाल तर १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम स्पष्ट आहेत: नोंदणी नसलेल्या जागेत, समितीच्या मंजुरीशिवाय प्राण्यावर प्रयोग करता येत नाही. घरचं अंगण नोंदणीकृत जागा होत नाही. विषय संपला.

आता पेंटोबार्बिटोन. हा प्रकार आपल्याकडच्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. उंदराच्या पोटात इंजेक्शन द्यायचं, थोड्या वेळात तो झोकांड्या खायला लागतो, मग पाठीवर उलटा ठेवला तरी पोटावर वळत नाही. तिथे स्टॉपवॉच सुरू. परत वळला की बंद. मधल्या मिनिटांना थिसिसमध्ये 'स्लीपिंग टाइम' म्हणतात. पण ती झोप नव्हेच, भूल आहे. खऱ्या झोपलेल्या उंदराला उलटा करून बघा, क्षणात जागा होऊन तुमच्या ग्लोव्हजला दात लावेल.

बरं, ही भूल कशाने लांबते? यकृताने पेंटोबार्बिटोन हळू मोडलं तर लांबते. उंदराचं अंग गार पडलं तर लांबते. त्यामुळे स्टीलच्या टेबलावर ठेवलेला उंदीर आणि कागदाच्या जाड घडीवर ठेवलेला उंदीर यांच्या वेळेत फरक पडतो, औषध काहीही असो. आणि पोटात अल्कोहोल असेल तर लांबतेच लांबते, कारण अल्कोहोल आणि पेंटोबार्बिटोनसारखी औषधं (बार्बिट्युरेट) एकमेकांना जोर देतात. आता तुमच्या कॉफियाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. बहुतेक डायल्यूशन, म्हणजे पातळ केलेली औषधं, ९० टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये असतात. २०० ग्रॅमच्या उंदराला त्यातलं ०.१ मिलि थेट पाजलंत, तर साधारण ०.०७ ग्रॅम अल्कोहोल गेलं, म्हणजे किलोमागे ०.३५ ग्रॅम. याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला २१ ग्रॅम होतात. व्हिस्कीचा ६० मिलिचा लार्ज पेग जवळपास तेवढाच भरतो. आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या, गटाला काय देतात? डिस्टिल्ड वॉटर! एका गटाला पेग, दुसऱ्याला पाणी, आणि मग निष्कर्षात लिहायचं की कॉफियाने झोप लक्षणीय वाढली. ताई, तुम्हाला खटकत होतं ते बहुधा हेच.

तेव्हा पहिली गोष्ट, पेंटोबार्बिटोन सोडा. ते औषध नियंत्रित यादीत असल्याने मिळवण्याची कटकट आहेच, ती वाचेल हा वरचा फायदा.

झोप मोजायची तर झोपच मोजावी लागते. पुस्तकी उत्तर म्हणजे ईईजी आणि ईएमजी, मेंदूतल्या आणि स्नायूतल्या विजेची नोंद. भूल देऊन कवटीत बारीक स्क्रूचे इलेक्ट्रोड बसवायचे, मानेच्या स्नायूत तारा सोडायच्या, उंदराला आठ-दहा दिवस सावरू द्यायचं, केबलची सवय होऊ द्यायची, मग रेकॉर्डिंग. गाढ झोपेत ०.५ ते ४ हर्ट्‌झच्या मोठ्या संथ लाटा येतात. स्वप्नाच्या, म्हणजे रेम झोपेत ६ ते ९ हर्ट्‌झची नेटकी थीटा लय दिसते आणि मानेचा स्नायू पार ढिला पडलेला असतो. १० सेकंदांचा एक तुकडा धरला तर ६ तासांत एका उंदराचे २१६० तुकडे होतात, आणि प्रत्येकाला जागा, गाढ झोप किंवा रेम यांतलं एक नाव द्यावं लागतं. हे सगळं एम.डी.च्या मुदतीत, पहिल्यांदाच करणाऱ्याने करावं असं मी सांगणार नाही. शस्त्रक्रियेचा हात बसायलाच महिने जातात.

मधला रस्ता आहे. मोठ्या पांढऱ्या उंदरांऐवजी (रॅट) छोटे उंदीर, म्हणजे माइस घ्या, पिंजऱ्यावर कॅमेरा लावा, किंवा मिळालाच तर हालचाल टिपणारा पिझो सेन्सर पिंजऱ्याखाली ठेवा. माइसमध्ये सलग ४० सेकंद हालचाल नाही म्हणजे झोप, हा निकष ईईजीशी ताडून बघितलेला आहे आणि तो बऱ्यापैकी जुळतो. रेम वेगळी काढता येत नाही, पण तुमच्या प्रश्नाला ती लागतच नाही. झोप लागायला किती वेळ लागला आणि पहिल्या तीन तासांत एकूण किती मिनिटं झोप झाली, या दोन आकड्यांवर तुमचा थिसिस उभा राहू शकतो.

पहिले तीन तास का म्हणतो ते सांगतो. आपण जागे असताना मेंदू ऊर्जा खर्चत असतो आणि त्यातून ॲडेनोसिन साठत जातं. ते पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागी, म्हणजे रिसेप्टरवर बसतं आणि डोळे जड होतात. कॅफिन त्या रिसेप्टरची जागा अडवतं, पण तो चालू करत नाही. २००५ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला: ज्या माइसमध्ये ॲडेनोसिनचा ए-टू-ए रिसेप्टर जन्मापासूनच नव्हता, त्यांना कॅफिन दिलं तरी ते जागे राहिले नाहीत; ए-वन नसलेले मात्र राहिले. म्हणजे कॅफिन झोप उडवतं ते कुठून, हे बऱ्यापैकी पक्कं ठाऊक आहे. आता माणसात कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात, उंदरात जेमतेम १ तास. किलोमागे १० ते २५ मिलिग्रॅम दिलंत तर उंदीर काही तास टक्क जागा राहील, आणि मग हिशेब चुकता करायला गाढ झोपून टाकेल. २४ तासांची बेरीज केलीत तर बुडालेली झोप आणि भरून काढलेली झोप एकमेकांत मिसळून फरक पुसट होईल. आणि शेवटचे तासच बघितलेत, तर कॅफिन दिलेला उंदीर न दिलेल्यापेक्षा जास्त झोपलेला दिसेल. तेव्हा कुठल्या तासांचा आकडा मुख्य, हे सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे थिसिसच्या सुरुवातीला देतात त्या आराखड्यातच, लिहून टाका. डेटा हातात आल्यावर खिडकी निवडायची सोय ठेवली की हवं ते उत्तर हवं त्या खिडकीत सापडतं.

दुसरं, उंदीर निशाचर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी वेळापत्रक मात्र माणसाचं लावतात. संध्याकाळी कॅफिन द्यायचं आणि रात्रभर झोप मोडते का बघत बसायचं! तो रात्री जागाच असतो हो. त्याची झोप दिवसाची, आणि तीही सलग नाही, काही मिनिटांच्या तुकड्यातुकड्यांची. दिवे सकाळी ७ ला लागत असतील तर कॅफिन ७ च्या सुमाराला द्या, तेव्हा झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो.

नेमकं याच वेळेला ॲनिमल हाउसमध्ये काय चालतं ते एकदा जाऊन उभं राहून बघा. सकाळी साफसफाईचे मामा येतात, पत्र्याचं दार ढकलतात, रॅक ओढतात, भाताच्या तुसाचं जुनं अंथरूण खरवडून काढून नवं टाकतात, पाण्याच्या बाटल्या खडखडवत बदलतात. कप्प्याकप्प्यातला प्रत्येक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून नाक हलवत असतो. नवं अंथरूण मिळालं की तासभर हुंगणं आणि उकरणं, झोपेचं नाव नाही. म्हणजे कॅफिन न देताच झोप मोडली. मामांना विश्वासात घ्या, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दुपारीच साफसफाई करून घ्या, आणि त्या दिवशी दाराला कुलूप. पाजण्याचासुद्धा उंदराला ताण येतो, म्हणून आधी आठवडाभर रोज त्याच वेळी, त्याच हातांनी नुसतं सलाइन पाजून सवय लावा.

बेळगावात आणखी दोन अडचणी आहेत, त्या बंगळूरच्या पुस्तकात नसतात. एक म्हणजे लाइट. १२ तास उजेड, १२ तास अंधार हे चक्र हलायला एक दुपार पुरते. पावसाळ्यात लाइट गेली आणि खोली तासभर अंधारात गेली तर ते उंदीर त्या दिवशीच्या हिशेबात धरू नका. टायमरला इन्व्हर्टर जोडलेलाच हवा, आणि खोलीत उजेडाची नोंद ठेवणारं काहीतरी हवं, कारण रविवारी लाइट कधी गेली ते कोणी सांगत नाही. दुसरी अडचण आवाजाची. गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव, लग्नसराई, डीजेला निमित्त लागत नाही. आपल्या विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. शिवाय उंदराला ८० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, आपली मजल २० ला संपते. म्हणजे आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत खराब चोकची ट्यूबलाइट किंवा जुना मॉनिटर त्यांच्यासाठी किंचाळत असू शकतो. कॅलेंडर समोर घेऊन रेकॉर्डिंगचे आठवडे ठरवा.

आता मुख्य गोष्टीकडे, बाटलीकडे. ३० पोटेन्सी म्हणजे शंभरात एक, असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं. तुमच्या शिक्षकांनी ॲव्होगॅड्रोचा आकडा सांगून १२ पोटेन्सीच्या पुढे रेणू राहत नाही असं शिकवलं असेल. कॉफीपुरतं हे प्रत्यक्ष करून बघू. एका कडक कपात साधारण १०० मिलिग्रॅम कॅफिन धरा. कॅफिनचा रेणुभार १९४, म्हणजे त्या कपात सुमारे ३ वर २० शून्यं इतके रेणू. प्रत्येक पायरीला शंभरातला एकच भाग पुढे न्यायचा. दहाव्या पायरीला हातात तीन रेणू. अकराव्या पायरीला एकही असण्याची शक्यता शंभरात तीन. अजून १९ पायऱ्या बाकी आहेत.

यावर होमिओपॅथीवाले म्हणतात, रेणू नसले तरी प्रत्येक पायरीला बाटलीला झटके देऊन (जोरात हलवून-आपटून) औषधाचा गुण द्रवात उतरतो. ठीक आहे, तेच तपासू. पण मग कंट्रोलसुद्धा तशीच हवी: तेच अल्कोहोल, त्याच काचेच्या बाटल्यांत, तितक्याच पायऱ्या, तितकेच झटके, फक्त सुरुवातीला कॉफी नाही. हे महत्त्वाचं, कारण झटके देताना काचेतून सिलिका आणि सोडियम थोडं थोडं उतरतं. नुसतं पाणी किंवा बाजारातलं रेक्टिफाइड स्पिरिट ही कंट्रोल नव्हे. आणि दोन्ही गोष्टी उंदराला द्यायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये इतक्या पातळ करा की अल्कोहोल नगण्य व्हावं. पोटेन्सी पाण्यात दिली म्हणून कमी होत नाही असं तुमचीच पुस्तकं सांगतात, त्यामुळे गाइडना हरकत घ्यायला जागा नाही.

एक सावधगिरी. मदर टिंक्चर (मूळ अर्क) किंवा २एक्स, ३एक्स (दहात एक, असं दोन-तीनदाच पातळ केलेलं) वापरायचा मोह आवरा. कॉफिया क्रूडा न भाजलेल्या कॉफीच्या बियांपासून बनतं आणि अरेबिकाच्या बीत साधारण १.२ टक्के कॅफिन असतं. मदर टिंक्चर दिलंत तर कॅफिनवर आणखी कॅफिन दिलंत, एवढंच. तो वेगळा प्रश्न झाला. कोणी नक्स व्होमिका सुचवेल, कारण कॉफीच्या झोपमोडीवर तेही देतात. हरकत नाही, पण विकत आणा. आपल्या खानापूरच्या रानात काजरा आहे म्हणून बिया गोळा करून घरी टिंक्चर करायला बसू नका. त्यात स्ट्रिकनीन असतं.

कोड लावण्याचं काम तुम्ही करायचं नाही, गाइडनी तर नाहीच. स्टॅटिस्टिक्सच्या कुणाला तरी दोन्ही बाटल्यांची लेबलं काढून एकसारख्या बाटल्यांत भरायला सांगा, प्रत्येक उंदरासाठी स्वतंत्र नंबर लावायला सांगा. नुसतं 'अ' आणि 'ब' लिहून चालत नाही. दोन-चार उंदीर झाले की माणूस मनात ठरवून टाकतो की 'अ' म्हणजे औषध. यादी बंद लिफाफ्यात, लिफाफा तिसऱ्याच विभागात. पाजणाऱ्याला कळू नये, व्हिडिओ बघून मोजणाऱ्याला कळू नये, हिशेब करणाऱ्यालाही आकडे निघेपर्यंत कळू नये.

एवढा अविश्वास कशाला, असं वाटेल. १९६३ मध्ये रोझेन्थाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं तुमचे हुशार जातीचे, काहींना सांगितलं मठ्ठ जातीचे. प्रत्यक्षात सगळे एकाच जातीचे, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. तरीही 'हुशार' उंदीर भूलभुलैयात सरस ठरले. विद्यार्थ्यांनी लबाडी केली असं नाही, हात लावण्यात, सांभाळण्यात, मोजण्यात फरक पडला. दुसरा दाखला तुमच्याच विषयातला. १९८८ मध्ये बेनव्हेनिस्ते यांच्या पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेचा अतिविरल द्रावणांवरचा पेपर 'नेचर'मध्ये आला. नंतर 'नेचर'चे संपादक मॅडॉक्स, जादूगार जेम्स रँडी आणि संशोधनातली गफलत शोधणारे वॉल्टर स्टुअर्ट तिथे जाऊन बसले. कोड उघडे असताना परिणाम दिसत होता. कोड झाकून, लिफाफा छताला चिकटवून मोजलं तेव्हा तो गेला. तुमच्या प्रयोगात ४० सेकंद झाले की ३८, हे ठरवणारा डोळा माणसाचाच आहे.

या विषयावर आधी काय झालंय? मेक्सिकोत रुईझ-वेगा आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास उंदरांना कॉफिया देऊन ईईजीत फरक दिसल्याचं छापलं. ते जरूर वाचा. वाचताना कंट्रोल काय होती, गट केवढे होते आणि किती आकडे ताडून बघून त्यांतले किती सांगितले, या तीन ठिकाणी पेन्सिल ठेवा. माणसांवर अमेरिकेत आयरिस बेल यांच्या गटाने काम केलं, ते २०११ मध्ये छापून आलं. कॉफीने झोप उडते असं सांगणारी तरुण मुलं, घरीच झोपेचं रेकॉर्डिंग, ३० पोटेन्सीचं कॉफिया किंवा नक्स व्होमिका. औषधानंतर एकूण झोप वाढली असं त्यांना दिसलं. त्याच आकड्यांत मधून मधून जागं होणंही वाढलेलं आहे. पण खरी मेख वेगळीच: सगळ्यांना प्लासिबो (औषध नसलेली गोळी) आधी आणि औषध दोन आठवड्यांनी. डोक्याला वायरी लावून झोपायची सवय व्हायलाही काही रात्री जातात. शेवटपर्यंत प्लासिबोवरच राहिलेला गट नसेल तर वाढ कशाची, हे सांगताच येत नाही. तुमच्या आराखड्यात ही चूक येऊ देऊ नका. औषध आणि कंट्रोल एकाच दिवशी, शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत.

गट किती? मी चार ठेवेन. पहिला, सलाइन आणि झटके दिलेली कंट्रोल. दुसरा, कॅफिन आणि तीच कंट्रोल. तिसरा, कॅफिन आणि कॉफिया ३०. चौथा थोडा अनोळखी वाटेल: निम्मं कॅफिन आणि कंट्रोल. हा गट तुमची मोजपट्टी तपासतो. कॅफिन निम्मं केल्यावर झोप थोडी सुधारलेली तुमच्या पद्धतीला दिसत नसेल, तर कॉफियाने सुधारली की नाही हेही तिला दिसणार नाही, आणि मग 'फरक नाही' या निष्कर्षाला किंमत राहत नाही. बहुतेक थिसिसमध्ये यासाठी एखादं झोपेचं औषध घालतात. ते मिळवण्याच्या परवान्यात सहा महिने घालवण्यापेक्षा हे बरं. २०० पोटेन्सी सोडून द्या. एक प्रश्न धड विचारून होऊ दे.

सहा-सहाची परंपरा कुठून आली कोण जाणे. गटात सहा असतील तर ८० टक्के खात्रीने फक्त प्रचंड फरक सापडतो, म्हणजे गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या (गटातले आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्या मापाच्या) जवळजवळ १.८ पट असेल तेव्हाच. फरक प्रमाण विचलनाइतका असेल तर गटात १७ लागतात, अर्धा असेल तर ६४. समिती म्हणेल प्राणी कमी करा, आणि त्यांचं बरोबर आहे. पण अपुऱ्या संख्येचा प्रयोग म्हणजे कमी प्राणी वापरणं नव्हे, आहेत तेवढे वाया घालवणं. मार्ग असा की प्रत्येक माइसची आधी दोन दिवस काहीही न देता झोप मोजून घ्या आणि पुढचा आकडा त्याच्या स्वतःच्या झोपेशी ताडा. प्राण्या-प्राण्यातला फरक त्यातून बराच वजा होतो. एकाच माइसला आज औषध, पुढच्या आठवड्यात कंट्रोल असं मात्र करू नका, कारण औषधाचा परिणाम महिनाभर टिकतो असं म्हणायला तुमच्यातलेच लोक तयार असतात.

यावरून सर्वांत अवघड गोष्ट आठवली. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८०३ मध्ये कॉफीच्या दुष्परिणामांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता, आणि कॉफीने औषधांचा गुण मारला जातो हे तुम्ही आजही रुग्णांना सांगता. मग तुमच्या प्रयोगातल्या प्रत्येक माइसच्या अंगात कॅफिन भरलेलं असताना उत्तर 'नाही' आलं, तर कोणीतरी म्हणणारच, औषध कॅफिनने मारलं. दुसरा म्हणेल, उंदराची केस घेतली नाही (रुग्णाची करतात तशी लक्षणांची चौकशी केली नाही), त्याची मनःस्थिती कॉफियाची नव्हती. तिसरा म्हणेल, कॉफीला कॉफीचंच औषध ही आयसोपॅथी झाली, होमिओपॅथी नव्हे. हे तिन्ही आक्षेप प्रयोगाच्या आधी घेतले तर रास्त आहेत. निकाल नकारात्मक आल्यावर घेतले तर पळवाट आहेत. म्हणून सिनॉप्सिस विद्यापीठाकडे धाडण्याआधी गाइडसमोर बसा आणि एक वाक्य लिहून सही घ्या: पहिल्या तीन तासांच्या झोपेत तिसरा गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही, तर या मात्रेत कॉफिया ३० चा परिणाम आढळला नाही असं आम्ही लिहू. सही करायला गाइड तयार नसतील तर माइस आणायची घाई करू नका, विषय बदला.

औषध कॅफिनच्या आधी द्यायचं की नंतर, हेही त्याच कागदावर ठरवा. आधी दिलं तर तो बचाव, नंतर दिलं तर इलाज. दोन्ही एकत्र करू नका. माझा कौल आधी देण्याला, कारण माइसमध्येही कॅफिन इतक्या लवकर उतरतं की नंतर दिलेल्या औषधाला श्रेय आणि कॅफिनच्या ओसरण्याला श्रेय यांची वाटणी करणं कठीण जातं.

मंजुरीबद्दल. होमिओपॅथी कॉलेजचं स्वतःचं नोंदणीकृत ॲनिमल हाउस असतंच असं नाही. बेळगावात मेडिकल कॉलेज आहे, फार्मसी कॉलेजं आहेत, आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्थाही इथेच आहे. जिथे नोंदणी आहे तिथल्या फार्माकॉलॉजीच्या कुणाला को-गाइड म्हणून घ्या आणि फॉर्म बी, म्हणजे मंजुरीचा अर्ज, त्यांच्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे भरा. समितीपुढे जाताना संख्या कशी काढली याचं गणित छापून न्या. बहुतेक जण तिथेच अडखळतात.

आणि प्राण्यांचं जमलंच नाही तर फळमाशी आहे. सडक्या केळ्यावर बसते तीच, ड्रोसोफिला. तिच्यात सलग ५ मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप हा निकष २००० पासून रूढ आहे, खाण्यात कॅफिन मिसळलं की तिचीही झोप कमी होते, शेकड्यांनी पाळता येते, आणि तिला नीतिसमितीची मंजुरी लागत नाही. एक गोम आहे: माशीत कॅफिन झोप उडवतं ते ॲडेनोसिन रिसेप्टरमार्फत नाही, हे २००९ मध्ये दाखवलं गेलंय. त्यामुळे माशीवरून माणसावर उडी मारता येणार नाही. पण कोड लावणं, मोजणं, आधी ठरवलेल्या खिडकीला चिकटून राहणं, हे सगळं तिच्यावर शिकता येतं, आणि गटात १७ काय, १७० घेतल्या तरी कोणी विचारत नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं सत्र माश्यांवर घालवलं असतं आणि माइसचा अर्ज त्याच वेळी टाकून ठेवला असता, कारण समितीची बैठक कधी लागेल याचा नेम नसतो.